शेवटी शिवलेला शेला

एका राज्यात, जिथे राजाच्या छत्राला मुजरा केल्यावाचून कुणी चूलसुद्धा पेटवत नसे, तिथे अंबुली नावाची रफूगारीण राहत असे. तिचा नवरा रायाजी विणकर. कालदंत मांत्रिकाला महावस्त्र विणून द्यायला तो नाही म्हणाला. मांत्रिकाने त्याचा बगळा केला आणि जाता जाता नखाने तीन वस्त्रं फाडली. राजाचं छत्र फाटलं, तशी राज्यावरची सावली गेली. राज्यातलं प्रत्येक तान्हं जिच्यात झोपे ती गावझोळी फाटली, आणि तेव्हापासून एकाही तान्ह्याचा डोळा लागला नाही. तिसरा फाटला तो रायाजीचा शेला.

शापाची रीत अशी. वर्षातून एकदा, चैत्री पुनवेला, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत अंबुलीच्या सुईत जीव येई. तेवढ्यात तिन्ही वस्त्रं शिवून व्हावीत. एक जरी राहिलं तरी तिन्हींचे टाके उसवत; तिन्ही पुरी झाली तरच बगळ्याचा पुन्हा माणूस होणार होता. आणि जे वस्त्र ताटकळत राही, ते त्या दिवशी बसल्या जागी आणखी फाटत जाई.

पहिल्या वर्षी रीतीप्रमाणे छत्राला मान मिळाला. झोळी राहिली. दुसऱ्या वर्षी अंबुलीने गुपचूप शेला आधी घेतला, कारण मन तिथेच होतं आणि कामही थोडं होतं. झोळी राहिली. तिसऱ्या वर्षी तिने तिन्हींना थोडे थोडे टाके घातले. त्या वर्षी तर तिन्ही राहिली.

बगळा तळ्यात एका पायावर उभा राही. अंबुली रोज काठावर जाऊन त्याला दिवसभराचं सगळं सांगे. बगळा मासे पाही. घरी येऊन ती दोन पानं वाढी आणि एकावर जेवे. दुसऱ्या पानावरची भाकरी सकाळी गाईला घाली. गावात माणसं पुष्कळ होती, पण तिच्या दारात कुणी टेकत नसे. तिला फार एकटं वाटे.

तळ्याकाठच्या टिटवीला माणसाची भाषा येत असे. एके दिवशी ती म्हणाली, "बाई, फाटलंय किती ते तू पाहतेस. फाटत जातंय किती, ते कधी पाहिलंस?"

"ते पाहायला एक अख्खा दिवस लागेल."

"लागेल."

म्हणजे आणखी एक वर्ष. चौथ्या पुनवेला अंबुलीने सुई हातात धरलीच नाही. घटकेघटकेला दोऱ्याने तिन्ही वस्त्रांच्या फाटलेल्या जागा मापल्या आणि दोऱ्याला गाठी मारल्या. लोकांनी तिला नाही नाही ते बोलून घेतलं. प्रधानजींना रागवायला एरवीही कारण लागत नसे, त्या दिवशी तर ते आयतंच मिळालं होतं.

पाचव्या पुनवेला ती दरबारात उभी राहिली.

"महाराज, आज आपल्या छत्राला थांबावं लागेल. आधी झोळी."

"या छत्राआधी आजवर काही शिवलं गेलेलं नाही," राजा म्हणाला.

"म्हणूनच ते अजून फाटकं आहे, महाराज. झोळीचं कापड जुनं, वापरून विरलेलं. ते घटकेला वीतभर जातं. छत्राचं जरीचं कापड चार बोटं जातं."

"आणि तुझा शेला?"

"बोटभर," ती म्हणाली.

राजाने उन्हाने करपलेल्या कपाळावर हात धरला आणि मान डोलावली. अंबुलीने झोळी घेतली. दुपार झाली, झोळी पुरी झाली आणि राज्यातली सगळी तान्ही एकदम झोपली. मग छत्र. तेवढा वेळ शेला डोळ्यांसमोर फाटत होता, आणि तिने त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. छत्र झालं, राज्यावर सावली आली. शेला उचलला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. शेवटची गाठ मारून तिने दोरा दाताने तोडला, आणि सूर्य बुडाला.

ती शेला घेऊन तळ्यावर धावली. रायाजी पाण्यातून चालत वर आला, गेला होता तसाच, काळ्याभोर केसांचा. अंबुलीचे केस पिकले होते. त्याने शेल्यावरच्या घाईघाईच्या रफूवर बोट फिरवलं.

"माझं सगळ्यांच्या शेवटी घेतलंस?"

"हो. तुमचंच थांबू शकत होतं."

"आणि तू?" त्याने विचारलं.

पाच वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. अंबुली काठावर बसली आणि पोटभर रडली, आणि रायाजी शेजारी बसून राहिला. तिला जसं भेटलं, तसं ताटकळलेल्या प्रत्येकाला विचारणारं कुणी भेटो.