डोह बुजला तेव्हा

एका जंगलात, टेकडीच्या पायथ्याशी, एक डोह होता. त्याच्या काठावर अंगभर काटे असलेली साळू, सशीण, मुंगूस आणि रानडुक्कर अशी बिऱ्हाडे शेजारी शेजारी राहत असत. डोहाच्या पाण्यातच एक म्हातारे कासव राही. डोहाच्या तळाशी खडकात एक झरा होता, त्यामुळे वैशाखातही तिथले पाणी आटत नसे. दूरदूरचे प्राणी आपल्या पिल्लांना सांगत, "राहावं तर त्या डोहाकाठच्या वस्तीत!" आणि हे ऐकले की वस्तीतले सगळे उगाचच मान ताठ करून चालत.

मुलांनो, एका वर्षी टेकडीवरून मोठा लोंढा आला. त्याने माती आणली, दगड आणले, एक अख्खे झाड मुळासकट वाहून आणले, आणि सगळे डोहात लोटून दिले. पाणी ओसरल्यावर पाहतात तो डोह गाळाने काठोकाठ भरलेला. कासव कसेबसे त्या चिखलातून वर आले. ते म्हणाले, "झरा आटलेला नाही, फक्त दबलाय. गाळ ओला आहे तोवर सगळे मिळून खणू या. आठ दिवसांचं काम आहे."

"आधी मला माझं बीळ साफ करू दे," मुंगूस म्हणाले.

"आधी रानडुकराला उतरू दे, त्याच्या अंगात बळ आहे," सशीण म्हणाली.

"मीच का म्हणून?" रानडुक्कर गुरगुरले. साळू आपल्या बिळात गेली.

आठ दिवस गेले, मग महिना गेला, हिवाळाही गेला. ऊन तापू लागले आणि गाळ विटेसारखा कडक झाला. मग प्रत्येकाने जवळच्या कोरड्या ओढ्याच्या वाळूत आपापल्यापुरता खड्डा उकरला. अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. त्यात थेंब थेंब पाणी झिरपते. ज्याचा त्याचा झिरा, ज्याचे त्याचे पाणी. कोणी झिऱ्यावर काटेरी फांदी ओढली, कोणी वर बसून पहारा केला. साळूने आपल्या झिऱ्यावर एक सपाट दगड सरकवला आणि वर पालापाचोळा पसरला. शेजाऱ्याच्या दारात हाडके टाकली तरी कोणी विचारीना, कारण विचारायला कोणी कोणाच्या दारात जातच नव्हते. जाणारे येणारे प्राणी त्या वस्तीला ओसाडवाडी म्हणू लागले.

वैशाखात सशिणीचा झिरा आटला. तिला दोन पिल्ले होती. ती आधी मुंगसाकडे गेली.

"माझ्या पोरांपुरतंच आहे गं," मुंगूस खाली बघत म्हणाले.

ती रानडुकराकडे गेली. त्याने नुसते फुस्स केले आणि ते झिऱ्यावर आडवे पडले. मग ती साळूच्या बिळाशी आली. "साळूताई," तिने हाक मारली, "अगं, एक घोट. माझ्यासाठी नको, धाकट्यासाठी. त्याला उठवत नाहीये." आतून उत्तर आले नाही. तिने आणखी दोनदा हाक मारली आणि ती परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळू आपल्या झिऱ्याकडे गेली, तेव्हा सपाट दगडाला नाक टेकवून सशिणीचे धाकटे पिल्लू निपचित पडले होते. त्याला खालच्या पाण्याचा वास लागला असावा. दगडाच्या कडेने वाळूत त्याने उकरलेल्या बारीक बारीक रेघा होत्या. पण दगड त्याच्यापेक्षा कितीतरी जड होता.

साळू तिथेच बसून राहिली. मग तिने दगड बाजूला ढकलला आणि ती सशिणीकडे जाऊन म्हणाली, "माझ्या झिऱ्यावर चल. पाणी आहे."

सशिणीने काय झाले ते तिच्या तोंडावरूनच ओळखले. ती गेली. तिने धाकट्याला चाटले, पुन्हा पुन्हा चाटले. मग थोरल्याला हाक मारून झिऱ्याशी उभे केले आणि म्हणाली, "पी." थोरले जिवंत होते, म्हणून तिने ते पाणी घेतले. साळूकडे तिने पाहिलेही नाही.

त्या दिवसापासून साळू डोहात उतरली आणि गाळ खणू लागली. ऊन इतके होते की पाय भाजत. दिवसभर खणून जेमतेम तिच्या अंगाएवढा खड्डा होई आणि वाऱ्याने त्यात पुन्हा माती येऊन पडे.

मुंगूस काठावर येऊन म्हणाले, "आणखी एक झिरा खणतेस होय?"

"झिरा नाही. डोह."

"एकटी?"

"दुसरं कोणी येईपर्यंत एकटी."

मुंगूस मान हलवून निघून गेले. कासव मात्र काठावरच्या सावलीतून सरपटत खाली आले. "इथे नको खणूस," ते म्हणाले. "झऱ्याचं तोंड तिकडे आहे, त्या काळ्या खडकाच्या पोटाशी. मी त्याच्यावर शंभर पावसाळे झोपलोय. मला कोणी विचारलंच नाही."

"मी विचारायला हवं होतं," साळू म्हणाली. तिने खडकापाशी नव्याने सुरुवात केली.

चौथ्या दिवशी सशीण आली. एक शब्द न बोलता ती साळूने उकरलेली माती मागच्या पायांनी मागे लोटू लागली. दोघी दुपारपर्यंत तशाच खपल्या. शेवटी साळूला राहवेना. ती म्हणाली, "तू हाक मारलीस तेव्हा मी जागी होते."

"ठाऊक आहे," सशीण म्हणाली. "तुझे काटे वाजले होते."

साळूचे पाय थांबले. सशीण म्हणाली, "थांबू नकोस. माझा थोरला अजून आहे. त्याच्यासाठी मी कोणाच्याही शेजारी खणेन. तुझ्यासुद्धा."

त्यानंतर मुंगूस आले, आपल्या बायकोला घेऊन. ते आधी म्हणाले की आम्ही फक्त बघायला आलोय. मग एका दगडाला हात लावला, आणि लावला तो लावलाच. खणून थकले की ते सगळे काठावर बसत आणि बसल्या बसल्या आसपासची हाडके, कुजका पाला गोळा करून दूर नेऊन टाकत. मुंगसाच्या बायकोने आपल्या दारासमोरची वाट झाडली, मग सशिणीच्या दारासमोरची झाडली. कोणी तिला सांगितले नव्हते. उन्हातान्हात सगळ्यांच्या बरगड्या वर आल्या होत्या, पण वाट मात्र स्वच्छ दिसू लागली.

एक दिवस एक कोल्हा तिथून चालला होता. तो हसून म्हणाला, "ओसाडवाडीत काय सण आहे की काय?"

मुंगूस ताडकन उभे राहिले. "ओसाडवाडी म्हणायचं नाही!" ते म्हणाले. "डोह आहे हा. आमचा डोह." कोल्हा खांदे उडवून गेला. मुंगूस पुन्हा खाली बसले तेव्हा सशीण त्याच्याकडे बघत होती. पिल्लू गेल्यापासून तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी हलले होते.

पण दुसऱ्याच दिवशी त्यांचे पाय लाकडाला लागले. लोंढ्याबरोबर आलेले ते झाड झऱ्याच्या तोंडावर आडवे बसले होते आणि त्याच्या मुळ्या दगडांत घट्ट अडकल्या होत्या. साळूने दात लावले. मुंगसाने खालून माती काढली. सशिणीने ढकलले, थोरल्यानेही ढकलले. खोड केसभर हलले नाही.

साळू रानडुकराकडे गेली. "तुझ्या सुळ्यांशिवाय ते खोड निघणार नाही," ती म्हणाली. "झरा त्याच्याखालीच आहे. कासव सांगतंय."

रानडुक्कर आपल्या झिऱ्यावरून उठले नाही. "माझ्या झिऱ्याला पाणी आहे," ते म्हणाले. "मी इथून उठलो की तुमच्यातलं कोणीतरी येऊन ते पिणार. मला काय कळत नाही?"

"नाही पिणार."

"साळू, तू हे सांगतेस? दगड कोणी ठेवला होता?"

साळू परत आली. तिच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना काय ते कळले.

एव्हाना रानडुकराचा सोडून सगळे झिरे आटले होते. त्या संध्याकाळी मुंगूस म्हणाले, "आम्ही निघतो. माळाच्या पलीकडे नदी आहे म्हणतात. पोरांच्या जिभा सुकल्यात. इथे राहून मरण्यापेक्षा चालत मरू."

"आणखी दोन दिवस थांब," साळू म्हणाली.

"थांबून खणायचं होतं ते लोंढा ओसरल्यावर. तेव्हा आठ दिवसांत झालं असतं. तेव्हा तूही घरात होतीस आणि मीही." हे ते रागाने बोलले नाही. थकून बोलले. त्याच्या बायकोने जाण्याआधी दारासमोरची वाट पुन्हा एकदा झाडली, आणि मग ते सगळे एका रांगेत माळाच्या दिशेने निघून गेले. सशिणीने त्यांना थांबवले नाही. काय म्हणून थांबवणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी साळू आणि सशीण खोडाच्या मुळ्या कुरतडत होत्या. साळूचे दात दुखत होते. इतक्यात वरून माती घसरली आणि काठावर रानडुक्कर उभे दिसले. त्याचे तोंड वाळूने माखले होते.

"माझा झिरा आटला," ते म्हणाले.

"म्हणून आलास," सशीण म्हणाली.

रानडुकराने मान खाली घातली. "हो. म्हणूनच आलो."

सशिणीला पुष्कळ बोलायचे होते. पण तिने थोरल्याकडे पाहिले. ते सावलीत पडून होते आणि त्याच्या बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. ती बाजूला सरली आणि म्हणाली, "या अंगाने सुळे लाव. इथली मुळी आम्ही कुरतडलीय."

रानडुकराने सुळे घातले आणि मान वर केली. एकदा, दोनदा, दहादा. साळू आणि सशीण खालून दगड काढत राहिल्या. कासव सांगत होते, "डावीकडून, अजून डावीकडून." दुपार कलली तेव्हा कडकन आवाज झाला. सगळ्यांना वाटले मुळी तुटली. पण रानडुकराचा सुळा तुटला होता. ते वेदनेने ओरडले, पण मागे हटले नाही. दुसरा सुळा लावून त्याने एकच धक्का दिला, आणि खोड कुशीवर वळले.

आधी काहीच झाले नाही. मग खडकाच्या पोटातून घोगरा आवाज आला. गढूळ, काळे, कुजका वास येणारे पाणी बाहेर आले. त्यामागून तांबडे आले. बऱ्याच वेळाने त्यामागून स्वच्छ पाणी आले.

सशिणीने थोरल्याच्या मानेला धरून त्याला पाण्याशी ओढत नेले. त्याने आधी नुसते तोंड भिजवले, मग चाटले, मग ते प्यायले. रानडुक्कर रक्ताळलेले तोंड पाण्यात घालून उभे राहिले. कासव हळूच पाण्यात उतरले आणि दिसेनासे झाले.

साळू मात्र प्यायली नाही. ती तशीच वळली आणि धावत माळावर गेली, मुंगसाला परत बोलवायला. पाऊलखुणा अजून स्पष्ट होत्या. मोठी पावले पुढे, लहान पावले मागे. ती हाका मारत त्यांच्यामागून गेली. माळाच्या मधोमध, जिथे ना झाड ना झुडूप, तिथे त्या खुणांवर तरसाच्या खुणा उमटल्या होत्या. पुढे मुंगसाची एकही खूण नव्हती.

साळू परतली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. डोहात गुडघाभर पाणी साठले होते. सशीण काठावर बसली होती. "भेटले?" तिने विचारले.

साळूने नकारार्थी मान हलवली. समोर मुंगसाचे रिकामे दार होते आणि दारासमोरची झाडलेली वाट होती.

"दोन दिवस," साळू म्हणाली. "दोनच दिवस कमी पडले." ती पाण्यापासून दूर जाऊन बसली.

सशीण उठून तिच्याजवळ आली. "पाणी पी," ती म्हणाली.

"मला नको. माझा हक्क नाही."

"हक्काचं मी बोलत नाही. मी तुला माफ केलेलं नाही, साळू. कधी करेन असं वाटतही नाही. पण उद्या काठ बांधायचाय, नाहीतर पुढच्या लोंढ्याला हे सगळं पुन्हा बुजेल. तहानेने मेलीस तर माती कोण खणेल?"

साळू उठली. ती पाण्याशी गेली आणि प्यायली. पाणी पूर्वीसारखेच गोड होते. तेच तिला सोसवेना.

तात्पर्य : सर्वांनी मिळून खणले तर बुजलेला डोहही पुन्हा भरतो, पण उशिरा आलेली एकी गेलेल्या शेजाऱ्याला परत आणीत नाही. म्हणून शेजारधर्म पहिल्याच हाकेला पाळावा.