एकाच माणसाची गाडी

"...मग नदीत सोडून देऊ का सगळ्या? एवढंच सांगा, अप्पा. बाकी उपदेश नको."

मठाचे म्हातारे स्वामी, अप्पा, ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"का सोडतोस?"

"मन उडालं त्यांच्यावरनं."

"कधी उडालं?"

राजशेखर मगदूम त्यांच्यासमोर बसला होता. मांडीवरचं मोठं खोकं त्याने दोन्ही हातांनी धरलं होतं.

नदीकाठच्या त्या गावात त्याला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. पेठेत दुमजली घर, खाली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं चालतं दुकान, आणि वरच्या मजल्यावर काचेची कपाटं. कपाटांत मोटारी. त्यांना कुणी खेळणी म्हटलेलं त्याला खपत नसे. जुन्या काळच्या शर्यतीच्या गाड्यांच्या त्या हुबेहूब प्रतिकृती होत्या. तळहातावर मावणाऱ्या, लांब नाकाच्या, तारांच्या चाकांच्या, वरून उघड्या. हिरवी असेल ती इंग्लंडची, लाल इटलीची, निळी फ्रान्सची. एकेका गाडीचा माग काढायला त्याने वर्षंच्या वर्षं घातली होती. पाहुणे आले की तो त्यांना वर नेई, हात मागे बांधून उभं राहायला लावी आणि मग कपाटातला दिवा लावी.

श्रावणात नदी पेठेत शिरली. पाणी उतरलं तेव्हा दुकानात छातीएवढा गाळ होता. वरच्या गाड्यांना थेंबसुद्धा लागला नव्हता. आणि त्याची बायको गिरिजा राहिली नव्हती.

आता दिवाळी तोंडावर आली होती. माळावरच्या या लिंगायत मठात तो प्रथमच एकटा आला होता. एरवी गिरिजा यायची, दर सोमवारी. स्वयंपाकघरात चार भाकऱ्या थापून जायची. तो बाहेर जीपमध्ये बसून राहायचा.

"कपाटाकडं बघवत नाही," तो म्हणाला. "झोप येत नाही. जेवण जात नाही. लोक येऊन म्हणतात, काळजी करू नका, वेळ जाईल तसं... काय वेळ जाईल? त्या सरकारी लोकांनी बोटी वेळेवर पाठवल्या असत्या तर..."

"बोट आली नव्हती?"

"उशिरा आली."

अप्पांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

"तुमच्या शेजारची शांताक्का पहिल्या बोटीनं आली. याच ओसरीवर आणून बसवलं तिला. सकाळची पूजा व्हायची होती माझी. त्या दिवशी मी पायरीवरच उभा होतो. येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत होतो."

राजशेखर खोक्याकडे बघू लागला.

"...आली होती," तो म्हणाला.

"मग?"

"फक्त माणसं घेणार म्हणाले. सामान नाही."

"माणसं दोन होती ना घरात?"

"मी तिला म्हटलं होतं, अप्पा. तू जा म्हटलं होतं. ती ऐकेना. म्हणाली, तुम्हाला टाकून कुठं जाऊ? मी म्हटलं, मी एवढ्या गाड्या बांधून ठेवतो, पाणी वर चढलं तर माळ्यावर टाकता येतील. पुढच्या खेपेला येतोच."

"मग ती काय करत होती?"

"जिन्यात बसली. पाणी किती पायऱ्या चढतंय ते सांगत होती मला."

"आणि?"

"दमा होता तिला. तुम्हाला माहीत आहे. ओल, तो वास... दुपारी धाप लागली. हातातला पंप संपला. दुसरा खाली दुकानाच्या गल्ल्यात होता. पाण्यात. दुसरी बोट उजाडल्यावर आली."

मठामागे कुणीतरी विहिरीवरची मोटर सुरू केली.

"गाड्या बांधून झाल्या होत्या?" अप्पांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राजशेखरला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

"...हो."

"सगळ्या?"

"हो."

अप्पांनी सूप बाजूला सारलं, धोतरावरची टरफलं झटकली आणि हात पुढे केला. राजशेखरने खोकं त्यांच्यापुढे ठेवलं. अप्पांनी झाकण उघडलं.

आत एकेक गाडी मऊ कागदात गुंडाळलेली होती. दोन गाड्यांच्या मध्ये कापूस. कोपऱ्यांना कापूस. तळाशीही कापसाची जाड गादी.

अप्पांनी कापूस बोटाने दाबून पाहिला.

"नदीत सोडायला निघालास म्हणालास."

"हो."

"मग कापूस?"

सकाळी खोकं भरताना राजशेखरचे हात आपोआप चालले होते. कापूस संपला तेव्हा तो वाण्याकडे जाऊन आणखी घेऊन आला होता. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं त्याला.

अप्पांनी एक पुडी सोडवली. हिरवी गाडी निघाली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, उलटी करून पाहिली, चाक बोटाने फिरवलं.

"मागं धरू नका, अप्पा, तो धुराचा पाइप नाजूक आहे."

अप्पांनी बोट काढलं.

"यात दुसऱ्यानं कुठं बसायचं?"

"दुसरं कुणी बसतच नाही. एकाच माणसाची असते ती. म्हणून तर..."

म्हणून तर इतकी सडपातळ, म्हणून तर इतकी वेगवान. दर पाहुण्याला सांगितलेलं वाक्य. आपल्या आवाजात तीच जुनी ऐट त्याला ऐकू आली आणि तो मध्येच थांबला.

अप्पांनी गाडी ओसरीच्या फरशीवर ठेवली. पाणी वाहून जावं म्हणून ती फरशी पायऱ्यांच्या बाजूला उतरती केलेली होती. त्यांनी एका बोटाने गाडीला हलकेच ढकललं.

गाडी सुटली. काय सुरेख चालली! सरळ रेषेत, जराही न डगमगता, काठाकडे.

राजशेखर उडाला.

आपण कधी उठलो हे त्याला कळलंच नाही. सूप लवंडलं, दाणे ओसरीभर पसरले, त्याचा गुडघा दगडावर आपटला, आणि पुढचं चाक काठाबाहेर गेलेली ती गाडी त्याच्या मुठीत आली.

तो धापा टाकत तसाच पडून राहिला.

"लागलं?" अप्पांनी विचारलं.

राजशेखरने मूठ उघडली. गाडी उजेडात धरून या अंगाने, त्या अंगाने पाहिली.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही झालं. रंगसुद्धा उडाला नाही."

अप्पा गाडीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर कुठे आहे ते राजशेखरने पाहिलं. त्याची विजार गुडघ्यावर फाटली होती आणि तिथून रक्ताचा ओघळ पोटरीवर आला होता.

मग त्याला कळलं, अप्पांनी काय विचारलं होतं.

तो उठून बसला. गाडी हातातच होती. ती खाली ठेवावी की धरून ठेवावी, हे त्याला उमगत नव्हतं.

"ती हाक मारत होती, अप्पा," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "जिन्यातनं. मी म्हटलं, आलो. दोनदा म्हटलं. हातात हीच होती की दुसरी, आठवत नाही... एवढी गुंडाळतो आणि जातो म्हटलं."

अप्पांनी डोळे मिटले.

"आता ज्या तऱ्हेनं उठलो... तसा उठलो नाही मी. एकदाही नाही."

विहिरीवरची मोटर बंद झाली होती. ओसरीवरचे दाणे टिपायला चिमण्या उतरल्या. दोघांपैकी कुणी त्यांना हाकललं नाही.

"शिव्या तरी द्या मला," तो म्हणाला. "काहीतरी करायला सांगा. उपास सांगा. मठ झाडायला सांगा, जन्मभर झाडतो. या गाड्या नदीत टाकतो, आत्ता, तुमच्यासमोर. पण काहीतरी सांगा!"

अप्पा उठले. आत जाऊन ओलं फडकं घेऊन आले, आणि त्या म्हाताऱ्या माणसाने खाली बसून त्याचा गुडघा पुसला. राजशेखरला ते सोसवेना. तो पाय मागे घेऊ लागला. अप्पांनी तो घट्ट धरून ठेवला.

मग त्यांनी त्याच्या हातातून गाडी घेतली. कागदात गुंडाळली. खोक्यात जिथून काढली होती तिथेच ठेवली. बाहेर आलेला कापूस बोटांनी हळूहळू आत सारला, कोपरे नीट दाबले आणि झाकण लावलं.

"अप्पा... मग नदीत...?"

अप्पांनी खोकं उचलून त्याच्या दोन्ही हातांत दिलं.

"सांभाळून घरी ने," ते म्हणाले. "फार महाग पडल्यात."