लहान लहान होत गेलेली बनू

एकदा काय झालं, सात डोंगरांपलीकडच्या एका गावात सगुणा नावाच्या आईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तिच्या लेकीचा, बनूचा परकर सकाळी घोट्यापर्यंत होता, आणि संध्याकाळी जमिनीवर लोळत होता. आता परकर कधी वाढतो का? नाही ना? म्हणजे पोरच लहान झाली होती, बरं का! ‘माझंच शिवण चुकलं असेल,’ असं सगुणानं आधी स्वतःला सांगून पाहिलं. स्वतःची चूक शोधण्यात तिचा हात कोणी धरला नसता.

झालं होतं असं. शेजारी राहायच्या अंबूकाकू. त्यांचं अंगण गावात सगळ्यांत स्वच्छ, त्यांचा दिवा सगळ्यांच्या आधी लागायचा, आणि काकू कधी म्हणजे कधीच चुकायच्या नाहीत. त्या दिवशी त्या म्हणाल्या, “काय गं सगुणा, केवढ्यानं हसते ही पोर! भल्यासाठी सांगते हो.”

मोठ्या माणसाला उलट कसं बोलायचं? सगुणा म्हणाली, “हो काकू, खरंय.” आणि बनू वीतभर लहान झाली.

मग दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, “अगंबाई, डाव्या हातानं जेवते? काही वळण लावलं नाहीस!”

“हो ना काकू, चुकलंच माझं.”

झालं! बनू ओंजळीत मावेल एवढी झाली.

मग सगुणानं तिला पदराआड लपवलं. तिसऱ्या दिवशी काकूंनी पदर बाजूला केलाच. “इश्श! एवढीशी? खायला घालतेस की नाही? आईच अशी, मग पोर कशी वाढायची?”

सगुणाच्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. तेवढ्यात तिचं लक्ष ओंजळीत गेलं. बनू काकूंकडे बघतच नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

सगुणानं ओंजळ छातीशी धरली. आणि ती म्हणाली, “नाही काकू. माझी पोर चांगली आहे.”

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही.

आणि मग काय नवल! बनू वाढायला लागली. आईच्या कमरेला लागली, कौलांच्या वर गेली, आंब्याच्याही वर गेली. ढग तिच्या केसांत अडकले. बगळ्यांची रांग तिच्या कानाशी येऊन वळली. सातही डोंगर माना वर करून बघत राहिले. सगुणाचे हात आपोआप जोडले गेले. एवढं सगळं आपल्या ओंजळीत होतं?

“मुलीच्या जातीनं इतकं उंच होऊ नये!” काकू खालून ओरडल्या. पण या वेळी कोणीच ‘हो’ म्हणालं नाही. शब्द वाळक्या पानांसारखे अंगणात पडून राहिले.

मग भूक लागली तशी बनू आपल्या मापाची होऊन खाली आली, डाव्या हातानं दूधभात जेवली, आणि मायलेकी सुखानं राहू लागल्या. चला, आता पाय पांघरुणात घ्या, मिटा डोळे. बनूही आईच्या कुशीत अशीच पडली होती. पडल्या पडल्या म्हणाली,

“आई, वरून काकू केवढुशा दिसत होत्या! त्यांना कोण गं ओरडलं?”