पुढच्यालाही दुखतं

चिंचणवाडी नावाच्या गावात बिरू नावाचा एक भोळा पोरगा राहायचा. सायकल मात्र अशी हाणायचा की रस्त्यावरची कुत्री भुंकायचं विसरायची. शाळेतले लवटे सर पोरांना सायकल शर्यतीसाठी तयार करत. शाळेत आजवर जिल्ह्याची ढाल आली नव्हती. ती बिरू आणणार, असं सरांच्या मनानं घेतलं.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "बिरू, पाय दुखेपर्यंत थांबायचं नाही."

बिरू निघाला. अर्ध्या चढावर पाय दुखले. त्यानं सायकल स्टँडवर लावली आणि सावलीत बसला.

सर धापा टाकत आले. "काय झालं?"

"दुखलं, सर."

सरांनी कपाळ पुसलं. "अरे, दुखायला लागलं की थांबायचं नसतं. आणखी जोर लावायचा."

"बरं," बिरू म्हणाला.

संध्याकाळी घरी दार ओढून घेताना त्याचं बोट फटीत सापडलं. दुखायला लागलं. बिरूनं दार आणखी जोरात ओढलं. आई चुलीपुढून धावत आली, तेव्हा तो दोन्ही पाय भिंतीला लावून दार ओढत होता.

बोट वांग्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ते बघून सर म्हणाले, "असं दुखलं की जोर नाही लावायचा, बाळा. सरळ दवाखाना गाठायचा."

"बरं," बिरू म्हणाला.

मग तालुक्याची शर्यत आली. बिरू सगळ्यांच्या पुढे होता. घाटात त्याचे पाय भरून आले. वाटेत दवाखान्याची पाटी दिसली. तो आत गेला आणि एका रेडकाशेजारी आडवा झाला.

"हा जनावरांचा दवाखाना आहे," डॉक्टर म्हणाले.

"असू दे," बिरू म्हणाला. "त्याचं झालं की माझं बघा."

डॉक्टरांनी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. एवढं होऊनही तो तिसरा आला आणि जिल्ह्याच्या शर्यतीसाठी निवडला गेला.

त्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सरांनी त्याला जवळ बसवलं. आवाज चढवला नाही. "हे बघ, तुला दुखतं ना? तसंच पुढच्यालाही दुखत असतं. एवढं ध्यानात ठेव. ढाल आपलीच."

बिरूचा चेहरा उतरला. "पुढच्याला पण दुखतं?"

"तुझ्याइतकंच."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या चढावर दोघंच पुढे होते. पुढे शेजारच्या तालुक्याचा मलगोंडा, मागे बिरू. बाकीचे बरेच खाली राहिले होते. बिरूनं मलगोंडाला गाठलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालेलं दिसलं.

"दुखतंय का रे?" बिरूनं विचारलं.

"मरतोय," मलगोंडा म्हणाला.

बिरूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ढकलत ढकलत त्याला रेषेपलीकडे नेऊन सोडलं.

पंचांनी शिट्टी वाजवली. "ढकलणारा बाद. ज्याला ढकललं तोही बाद."

सर रस्त्याच्या कडेला मटकन बसले. "बिरू, काय केलंस हे?"

"त्याला दुखत होतं, सर. तुम्हीच सांगितलं होतं."

"अरे, दुखतं तर सगळ्यांनाच," सर रडकुंडीला येऊन म्हणाले.

बिरूनं खाली चढाकडे पाहिलं. बारा-पंधरा पोरं वाकून, कण्हत वर येत होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हे सरांनी आधी सांगायला हवं होतं. त्यानं सायकल वळवली.

एकेकाला त्यानं पाठीवर हात ठेवून वर आणलं. पोरं नको नको म्हणत होती, पण बिरूच्या हाताला भारी जोर. प्रत्येक खेपेला पंच शिट्टी वाजवत होते. शेवटचा पोरगा वर आला, तेव्हा शर्यतीत बाद व्हायला कुणी उरलं नव्हतं. पंच ढाल घेऊन नुसतेच उभे होते.

बिरू घामानं निथळत सरांपाशी आला. सर डोकं धरून बसले होते. बिरूनं वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"सर, तुम्हाला पण दुखतंय का?"

सरांना त्याचा हात आपल्या पाठीकडे येताना दिसला. ते ताडकन उठले आणि पळत सुटले. "नाही रे बाबा, मला कुठंच दुखत नाही."