पेटीची किल्ली

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं.

शाळेच्या संमेलनात माझी मैत्रीण मृण्मयी तिच्या मामाची जुनी, चीर गेलेली गिटार वाजवणार होती. कार्यक्रम बसवणारे दाभाडे सर म्हणाले, "हा डबा स्टेजवर नको. चांगला आवाज महागड्या गिटारचाच. माझी तर मी डोळे मिटूनही ओळखेन."

"मग मी दोन्ही पडद्यामागून वाजवते, सर," मृण्मयी म्हणाली. "तुम्ही चुकलात तर मला माझीच वाजवू द्या."

सर हसून कबूल झाले. त्यांच्या गिटारची पेटी आम्ही पडद्यामागे नेली.

मृण्मयीने एकच धून दोनदा वाजवली. पहिल्यांदा सर म्हणाले, "हा तुझा डबा." दुसऱ्यांदा त्यांनी मान डोलावली. "ही माझी. कळला फरक?"

मी पडदा ओढला. सरांची पेटी बंदच होती.

"दोन्ही वेळा माझीच होती, सर," मृण्मयी हळू आवाजात म्हणाली. "पहिल्यांदा तारा सुरात लावल्या नव्हत्या. तुमच्या पेटीची किल्ली तुमच्याच खिशात आहे."

सरांनी खिसा चाचपला. किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. मग म्हणाले, "सुरुवात तूच कर. आणि त्याआधी माझ्याही तारा लावून दे."

सरांना कुणी हसू नये म्हणून मृण्मयीने मला शपथ घातली होती. आता तीच खालून हाक मारतेय, "काय लिहीत बसलीयेस गं, चल," आणि मी अजून…