बाईंना मिळालेले शून्य

एका तालुक्याच्या गावी एकदा एक शिक्षिका आपल्या जुन्या गुरुजींपुढे तणतणत येऊन उभी राहिली. तिचे नाव उज्ज्वला ताम्हाणे. ज्या शाळेत ती शिकली, त्याच शाळेत सातवीला गणित शिकवण्यात तिची बारा वर्षे गेली होती. गुरुजी निवृत्त झाले होते. शनिवारी सकाळी येऊन ते ग्रंथालयातली फाटकी पुस्तके चिकटवत बसत.

उज्ज्वलाच्या एका हातात जप्त केलेला मोबाईल होता, दुसऱ्या हातात चाचणीची उत्तरपत्रिका, आणि मागे मान खाली घातलेली रेणुका नावाची विद्यार्थिनी.

"गुरुजी, मी थकले," उज्ज्वला म्हणाली. "महिनाभर गुणोत्तर शिकवतेय. घसा बसला माझा. आणि ही बाईसाहेब मधल्या सुटीत जिन्यात बसून आईच्या मोबाईलवर खेळतेय! हे बघा. तीनास एक, तर अठरास किती? एवढं साधं गणित कोरं सोडलंय. वीसपैकी चार! सोमवारी हिच्या आईला बोलावते आणि शिष्यवृत्तीच्या वर्गातून नाव काढलं म्हणून सांगते."

रेणुकाचे डोळे भरून आले.

गुरुजींनी हाताची खळ पुसली. "खेळ कसला आहे गं?" त्यांनी तिला विचारले.

"गाव वसवायचं असतं, गुरुजी."

"मग बाईंना दाखव. उज्ज्वला, बस. तू खेळ."

"मी? गुरुजी, मी इथे तक्रार घेऊन आलेय!"

"ऐकली तक्रार. बस."

गुरुजींचा शब्द मोडण्याची सवय तिला नव्हती. ती धुसफुसत बसली. पडद्यावर मोकळे माळरान होते. तिने भराभर बारा घरे बांधली, दोन विहिरी खोदल्या, बाजार मांडला. माणसे राहायला आली. तिला जरा हुरूपही आला. इतक्यात ती माणसे बोचकी उचलून चालू लागली आणि पाहता पाहता निम्मे गाव रिकामे झाले.

"अरे, का चाललेत हे? बाजार दिलाय, घरं दिलीत, आणखी काय हवंय काय यांना?"

"पाणी, बाई," रेणुका हळूच म्हणाली. "तीन घरांमागे एक विहीर लागते. तुम्हाला चार हव्यात. माझ्या गावात अठरा घरं आहेत, म्हणून मी सहा खोदल्यात."

"मग आधी नाही का सांगायचं! थांब, दोन आणखी खोदते..."

तेवढ्यात गुरुजींनी तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला. तो बंद केला, एका चिठोऱ्यावर लाल पेन्सिलीने भले मोठे शून्य काढले आणि तो कागद तिच्यापुढे सरकवला.

"हे काय?"

"तुझे गुण. गाव ओसाड पडलं."

"ही काय रीत झाली, गुरुजी?" उज्ज्वला उसळली. "पहिल्यांदाच खेळले मी! आणि चूक कळली होती मला, आत्ता कुठे कळली होती! जरा थांबला असतात तर..."

बोलता बोलता ती एकदम थबकली. तिची नजर हातातल्या उत्तरपत्रिकेवर गेली.

"राग खरा आहे तुझा," गुरुजी शांतपणे म्हणाले. "चूक कळते तेव्हाच शिकणं सुरू होतं, बाळ, आणि आपण नेमका तेव्हाच कागद काढून घेतो. रेणुका, तुझं गाव किती वेळा उठलं?"

"नऊ वेळा. दहाव्यांदा टिकलं."

"नऊ वेळा चुकली, कुणी रागावलं नाही, म्हणून दहाव्यांदा बसली. अठरास सहा, हे तिने आत्ता तुझ्यादेखत सांगितलं. तुझं लक्ष नव्हतं. पण नुसता खेळ पुरत नाही. आपण करतो त्याला गुणोत्तर म्हणतात, हे तिला त्या खेळाने कधी सांगितलं नाही. त्या विहिरीपासून वहीतल्या गणितापर्यंत तिला हाताला धरून आणायला माणूस लागतं. ते काम तुझं."

उज्ज्वलाने तो शून्याचा कागद घडी घालून उत्तरपत्रिकेत ठेवला. मग वैतागूनच म्हणाली, "हे मला बारा वर्षांपूर्वी सांगायचं होतं, गुरुजी."

"तेव्हा मलाही कुठे ठाऊक होतं?"

तिने रेणुकाला शेजारी बसवले. "घरं इथे लिही, विहिरी इथे. आता मधे दोन टिंबं दे." पहिली दोन उदाहरणे बरोबर आली. तिसरे साफ चुकले. उज्ज्वलाच्या कपाळावर आठी चढली, जिभेवर शब्द आला. तो तिने गिळला. "बघ बरं, कुणाची घरं तहानलेली राहिली," ती म्हणाली.

रेणुकाने ओठ चावत पुन्हा मोजले आणि आपणच उत्तर खोडले. सोमवारी तिची आई घाबरत शाळेत आली, तेव्हा उज्ज्वलाने तिला बसायला खुर्ची दिली आणि सांगितले, "शिष्यवृत्तीच्या वर्गाला येऊ द्या तिला. तिला जमेल. मलाच अजून थोडं जमायचंय."

मूल चुकल्यावर आपण किती वेळ थांबतो, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.