गाठी नसलेला दोर

गोदेच्या काठी तगरक नावाचे नगर होते. तिथे अरुण राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका सुताराच्या कुळात जन्माला आला आणि वयात येताच बापाचीच पटाशी हातात घेऊन लाकूडकाम करू लागला.

नगराच्या टोकाला, नदीला लागून, दोर वळणाऱ्यांची आळी होती. एका वर्षी तिथे तापाची साथ आली. ती गेली तेव्हा कुणाचे डोळे घेऊन गेली, कुणाचे पाय, कुणाचे कान. असे अठरा जण मागे राहिले. नगरातले लोक हळहळले, आणि हळहळून झाल्यावर आपापल्या कामाला लागले. बोधिसत्त्वाने कुबड्या करून दिल्या, सरपटणाऱ्यांसाठी चाके लावलेले पाट केले, उंबरे तासून खाली आणले. त्याचे पाहून आणखी काही जण आले. कुणी पाणी भरू लागले, कुणी दळण आणू लागले. पाळ्या ठरल्या. कुणी कुणाला बोलावले नव्हते, तरी वर्षभरात चाळीस माणसे जमली.

बोधिसत्त्वाची एक रीत होती. कुणाच्याही दारात गेला की तो बाहेर उभा राही आणि विचारी, "आज काय हवं?" आतून उत्तर येईपर्यंत तो पाऊल पुढे टाकत नसे. कधी आतून "काही नको" असे येई. मग तो तसाच परत फिरे. लोकांना याची गंमत वाटे. "हा सुतार द्यायला जातो की मागायला?" असे म्हणून ते हसत. बोधिसत्त्वही हसे आणि गप्प राही. त्या गप्प राहण्यात त्याची मोठी चूक होत होती, पण ते त्याला फार उशिरा कळले.

आळीच्या शेवटच्या घरात सामा राहत असे. तिचे दोन्ही डोळे तापाने गेले होते, पण हात पूर्वीसारखेच दोर वळत होते आणि जीभ पूर्वीपेक्षा धारदार झाली होती. दोरासाठी अंबाडीचे वाख भिजवायला तिला रोज नदीवर जावे लागे. त्यासाठी तिने स्वतःच्या हाताने दारापासून घाटापर्यंत एक दोर बांधला होता आणि त्याला गाठी मारल्या होत्या. एक गाठ लागली की वळण. दोन लागल्या की पायरी. लागोपाठ तीन लागल्या की तिथेच थांबायचे, पुढे डोह. दोर जुना, मळलेला, जागोजागी केसाळ झालेला होता. सामा त्याच्या आधाराने अशी चाले की परक्या माणसाला ती आंधळी आहे हे कळतही नसे.

शेजारी पिंगल नावाचा कुंभार होता. त्याचे पाय कमरेपासून निकामी झाले होते. नदीवरून येताना सामा त्याला ताज्या पाण्याचा तांब्या देई आणि दोन शब्द सुनावूनही जाई. चाळीस मदतनीसांच्या पाळ्यांत तिचे नाव कुठेच नव्हते. मदत घेणारी बाई मदत करतेही, हे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते.

त्या मदतनीसांत पूर्णक नावाचा एक तरुण व्यापारी होता. मनाने तो लोण्यासारखा मऊ होता. कुणाचे दुःख पाहिले की त्याला दम धरवत नसे. दारात उभे राहून विचारत बसण्याचा त्याला मनापासून कंटाळा होता. तो म्हणे, "तहानलेल्याला पाणी हवंय का म्हणून काय विचारायचं? दिसतंय ना समोर!" सुताराचे ते उभे राहणे म्हणजे जुन्या वळणाच्या माणसाची नम्रता आहे, असे त्याला वाटे. त्यामागे आणखी काही असेल असे त्याला कधी वाटले नाही, आणि कुणी सांगितलेही नाही.

अशात राजाच्या कानावर या आळीची कीर्ती गेली. पौर्णिमेला सकाळी मी स्वतः पाहायला येईन, असा त्याचा निरोप आला. मदतनीसांसाठी तो धान्याचे कोठार उघडून देणार, अशीही बातमी पसरली. बोधिसत्त्व तेव्हा लाकडासाठी आठ दिवस रानात गेला होता. पूर्णकाने कंबर कसली. आळी झाडली, भिंती सारवल्या, आणि चतुर्दशीच्या संध्याकाळी, सामा चूल पेटवत असताना, त्याची नजर तिच्या दोरावर गेली.

"काय ही दशा!" तो सोबत्यांना म्हणाला. "गाठीच गाठी. मावशीच्या तळहाताला घट्टे पडले असतील. आणि दोर तरी केवढा वाकडातिकडा, बिचारीला उगाच फेरा पडतो."

त्यांनी जुना दोर सोडला. वाट सरळ व्हावी म्हणून नवे खांब रोवले आणि पांढराशुभ्र, गुळगुळीत, एकही गाठ नसलेला नवा दोर ताणून बांधला. मावशीला सकाळी आनंदाचा धक्का बसेल म्हणून कुणी एक शब्द बोलले नाही. जाताना पूर्णकाने त्या दोरावरून एकदा हात फिरवला आणि त्याला फार समाधान वाटले.

पौर्णिमेला उजाडताच सगळे मदतनीस राजाला पाहायला वेशीवर गेले. ज्याची पाणी भरायची पाळी होती तोही गेला. आल्यावर भरू, असे त्याने स्वतःला सांगितले. त्या दिवशी पिंगलाच्या अंगात ताप होता आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. त्याने दोनतीनदा हाका मारल्या. ऐकून पाणी आणू शकेल अशी आळीत सामाच तेवढी होती. ती तांब्या घेऊन बाहेर आली, दोराला हात लावला आणि थबकली.

"पिंगल, दोर कुणी बदलला रे?"

"मला काय ठाऊक? थांब जरा. कुणीतरी येईल."

"कोण येतंय! सगळे राजाच्या हत्तीमागं धावताहेत. तुझा आवाज बघ कसा बसलाय." तिने तांब्या काखेत धरला. मग म्हणाली, "पावलं माहीत आहेत मला. जाते मोजत."

पावले तिला माहीत होती, पण ती जुन्या वाटेची. नवी वाट आखूड होती. घाटाच्या फुटक्या बाजूला दोर संपत होता, आणि संपण्याआधी तिच्या बोटांना काहीच लागले नाही. तांब्या दगडावर आपटल्याचा आवाज पिंगलाने ऐकला. त्याने सामाला हाका मारल्या. मग तो हातांवर सरपटत दारापर्यंत आला आणि तिथून पुढे त्याला जाता येईना.

बोधिसत्त्व लाकडाची गाडी घेऊन नदीकाठच्या वाटेने परतत होता. पाण्यात लुगडे दिसले म्हणून त्याने उडी मारली, पण जीव आधीच गेला होता. त्याने तिला घाटावर आणून निजवले. मग तो दोर पाहिला, नवे खांब पाहिले, आणि काय घडले ते त्याला कुणी न सांगता कळले. त्याला रडू आवरेना.

तेवढ्यात वाजतगाजत राजा आला. प्रेत पाहून वाद्ये थांबली. राजाचा चेहरा पडला. "हे कसं झालं?" त्याने विचारले.

पूर्णकही हादरला होता. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, आंधळी बाई. पाय घसरला असेल." त्याच्या मनात कपट नव्हते. त्याला खरेच तसे वाटत होते.

राजा मुळात दयाळू होता. त्याला गहिवरून आले. "अशा दुबळ्या लोकांना मोकळं सोडणं हाच मुळी निर्दयपणा," तो म्हणाला. "नगराबाहेर माझी एक मोठी धर्मशाळा रिकामी आहे. आजपासून या सगळ्यांना तिथं ठेवा. दाराला पहारा बसवा, म्हणजे कुणी बाहेर पडणार नाही आणि कुणी मरणार नाही. कोठार उघडून देतो. सुतारा, तू त्या शाळेचा अधिकारी हो."

मदतनीसांच्या जिवात जीव आला. एक म्हातारा बोधिसत्त्वाच्या कानाशी लागला, "हो म्हण, बाबा. वर्षाचं अन्न सुटेल सगळ्यांचं. गेलेली काही परत येत नाही."

तेव्हा मागून, दाराच्या उंबऱ्यावरून, पिंगल ओरडला. तापाने त्याचा आवाज फाटला होता. "सुतारदादा, पाय घसरला म्हणू नका! सामाचा पाय कधी घसरला नाही! माझ्यासाठी पाणी आणायला गेली ती, पाणी भरणारे सगळे वेशीवर होते!"

बोधिसत्त्वाने खाली पाहिले. खरे बोलले तर कोठार जाईल, आणि पावसाळ्यात अठरातले सतरा जण काय खातील, हे त्याला दिसत होते. पूर्णकाचे काय होईल तेही दिसत होते. त्या पोराची त्याला अतोनात कीव आली. पण खोटे बोलले तर सामाच्या डोळ्यांवर मरणाचा दोष जाईल, आणि त्या दोषापायी सतरा जण जन्मभर पहाऱ्यात बसतील.

तो म्हणाला, "महाराज, ही बाई सहा वर्षं या घाटावर एकटी येत होती. तिचा दोर आम्ही काढला. गाठींवरून तिला वाट कळायची. त्या गाठी आम्हाला घाण वाटल्या. तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. ती पाणी आणायला गेली, कारण पाणी भरणारे आपलं दर्शन घ्यायला वेशीवर उभे होते. यात सगळ्यात मोठी चूक माझी. दारात उभं राहून का विचारायचं, हे मी यांना एकदाही सांगितलं नाही. बघून शिकतील असं मला वाटलं. आम्ही तिला मारलं, महाराज. आंधळेपणानं नाही मारलं. हिच्या शेजाऱ्यांना कोंडू नका."

पूर्णकाने एकदा दोराकडे पाहिले आणि मटकन खाली बसला.

राजाला ते बोलणे झोंबले. आपल्या स्वागतापायी एक बाई मेली, हे कुठल्या राजाला ऐकवेल? तो परत फिरला. शाळेची आज्ञा त्याने मागे घेतली, आणि कोठाराचे नावही पुन्हा काढले नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. चांगले करायला जावे आणि खुनाचा आळ यावा, कुणी सांगितले आहे, असे म्हणत मदतनीस एकेक करून गळाले. चाळिसांचे पाच उरले. त्या पावसाळ्यात सतरांतले दोन म्हातारे हलाखीने गेले. बोधिसत्त्वाने त्यांना अग्नी दिला, आणि आपल्या सत्याची किंमत यांनीही मोजली हे तो कधी विसरला नाही. आळीतले जे उरले ते मात्र आपापल्या दारातून आपल्या मर्जीने येत जात राहिले.

पूर्णक बोधिसत्त्वाकडे आला आणि म्हणाला, "दादा, मला क्षमा करा."

बोधिसत्त्वाने त्याला जवळ घेतले. "मी केली रे. पण माझ्या क्षमेनं तुझं भागणार नाही."

ते खरे होते. पूर्णक पिंगलाकडे गेला, आळीतल्या प्रत्येक घरी गेला. सगळ्यांनी क्षमा केली. जिच्याकडून हवी होती ती नव्हती. तो रोज घाटावर येऊन बसे. असाच झुरत तो मेला.

इतके सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता थांबले. विहारात त्या दिवशी रेवल नावाचा तरुण भिक्षू चार दिवस अन्न सोडून कोपऱ्यात बसला होता. अंध थेर सुजात या ज्येष्ठ भिक्षूंची कुटी त्याने त्यांना न विचारता, प्रेमाने, नीटनेटकी लावली होती. हलवलेल्या बाजेला अडखळून थेर पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. लाजेने रेवल त्यांच्यासमोर गेलाच नव्हता. त्याच्यासाठीच ही कथा सांगितली गेली.

शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगल म्हणजे थेर पडले तेव्हा हाका मारून लोक जमवणारा हा पांगळा उपासक. तो सुतार मीच होतो. दया तर पूर्णकाकडेही होती. मला त्या जन्मी सत्य धरून ठेवता आले, एवढेच. ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता."

मग ते रेवलकडे वळले. "तो पूर्णक तू होतास. आणि सामा म्हणजे थेर सुजात. त्या जन्मी क्षमा मागायला तुला ती उरली नव्हती. या जन्मी ते जिवंत आहेत, रेवल. चार दिवस झाले, ते तुझी चौकशी करताहेत."

रेवल उठला. तो थेरांच्या कुटीकडे गेला.